तेजोमेघांसाठी दुर्बीण सर्वांत शेवटी

आकाशदर्शनाची गोडी लागलेल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: किती इंची दुर्बीण घ्यावी? शनीची कडी, गुरूचे पट्टे, जोडतारे पाहायचे असतील तर हा प्रश्न रास्त आहे, कारण तिथे आरशाचा व्यास वाढला की तपशील वाढतो. तेजोमेघांच्या बाबतीत मात्र हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा असतो. मृगातला, धनूतला किंवा हंसातला उत्सर्जन तेजोमेघ दिसेल की नाही, त्याचे छायाचित्र चांगले येईल की नाही, हे आधी काळोखावर, मग तिथीवर, मग फिल्टरवर आणि त्यानंतर दुर्बिणीवर ठरते. परभणी जिल्ह्यातल्या जिंतूरच्या वाचकाने खर्चही याच क्रमाने करावा. या क्रमातल्या पहिल्या दोन गोष्टी तालुक्याच्या गावात जवळपास फुकट मिळतात, आणि मोठ्या शहरातल्या छंदिष्टाला त्यांतला काळोख पैसे मोजूनही मिळत नाही.

असे का, हे या मेघांचा प्रकाश कसा निर्माण होतो ते पाहिल्यावर स्पष्ट होते. उत्सर्जन तेजोमेघ म्हणजे अत्यंत विरळ वायू. त्याच्या पोटातल्या किंवा शेजारच्या अतितप्त ताऱ्याचे अतिनील किरण हायड्रोजनच्या अणूंतले इलेक्ट्रॉन उखडून काढतात, आणि ते पुन्हा अणूत परतून पायरीपायरीने खाली उतरतात तेव्हा ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश बाहेर पडतो. मृगातल्या तेजोमेघात हे काम मुख्यतः चार ताऱ्यांच्या छोट्या चौकडीतला सर्वांत तेजस्वी तारा करतो. ताऱ्याचा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला असतो, तर या मेघाचा प्रकाश मोजक्या अरुंद रेषांत एकवटलेला असतो: हायड्रोजन-अल्फाची ६५६.३ नॅनोमीटरची लाल रेषा, हायड्रोजन-बीटाची ४८६.१ ची निळसर रेषा आणि दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनच्या ४९५.९ व ५००.७ च्या हिरवट रेषा. या ऑक्सिजन-रेषांना छंदिष्टांच्या बोलीत ‘ओ-थ्री’ म्हणतात. तेजोमेघ पाहण्याची आणि टिपण्याची सगळी युक्ती या चार आकड्यांत आहे.

या हिरव्या रेषेशी महाराष्ट्राचे जुने नाते आहे. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींच्या देणगीतून वेधशाळा उभी राहिली आणि १८८८ मध्ये तिथे ग्रब कंपनीची २० इंची दुर्बीण आली. त्या काळी भारतातली ती सर्वांत मोठी दुर्बीण होती. वेधशाळेचे प्रमुख कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी वर्णपटदर्शक लावून मृगाच्या तेजोमेघाची मुख्य रेषा तपासली. तेव्हा इंग्लंडमध्ये या रेषेवरून वाद पेटला होता. नॉर्मन लॉकियर म्हणत होते की ती मॅग्नेशियमच्या पट्ट्याचा उरलेला अंश आहे, आणि विल्यम हगिन्स ते साफ नाकारत होते. ती पट्ट्याचा अंश असती तर तिची एक कड धूसर दिसायला हवी होती. नायगमवालांना ती प्रत्येक वेळी धारदार दिसली. त्यांचे निरीक्षण १८९१ मध्ये रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले आणि ते लॉकियर यांच्या विरोधात गेले. ही रेषा ऑक्सिजनची आहे, हे पुढे १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी दाखवले. आज सव्वा इंची आयपीसला जो ओ-थ्री फिल्टर फिरकीने बसतो, तो नेमकी हीच रेषा आत येऊ देतो आणि बाकीचा बहुतेक प्रकाश अडवतो.

आता डोळ्याकडे येऊ. अंधारात आपण ज्या पेशींनी पाहतो, त्या ५०७ नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक संवेदनशील असतात. ओ-थ्रीची रेषा त्या टोकाला जवळजवळ चिकटून आहे. ६५६ नॅनोमीटरच्या गडद लाल प्रकाशाला मात्र याच पेशी जवळपास आंधळ्या असतात. म्हणून छायाचित्रात लालभडक दिसणारा मेघ दुर्बिणीतून राखाडी दिसतो, फार तर त्याला हिरवट झाक असते. यात दुर्बिणीचा दोष नाही. कॅमेऱ्याला नेमके उलट जमते, त्याला हायड्रोजन-अल्फाची रेषा भरपूर मिळते. म्हणजे निरीक्षक आणि छायाचित्रकार एकाच मेघाच्या दोन वेगळ्या रेषांवर काम करत असतात, आणि दोघांची खरेदीची यादीही वेगळी हवी. एकच संच दोन्ही कामांना पुरेल या समजुतीने घेतलेल्या वस्तू अनेकदा एकाही कामाला धड उपयोगी पडत नाहीत.

इथे पहिला आक्षेप येतो: मोठा आरसा जास्त प्रकाश गोळा करतो, मग मेघ जास्त उजळ दिसणारच ना? ताऱ्याबाबत हे खरे आहे, कारण तारा बिंदूच राहतो. मेघ पसरट असतो. आरसा मोठा घेतला की आपण वर्धनही वाढवतो, आणि तेवढाच लोण्याचा गोळा मोठ्या भाकरीवर पसरावा तसा गोळा झालेला प्रकाश मोठ्या प्रतिमेवर पसरतो. प्रकाशशास्त्राचा नियम कठोर आहे: पसरट वस्तूचे पृष्ठतेज कोणतीही दुर्बीण नुसत्या डोळ्यापेक्षा वाढवू शकत नाही. मोठ्या आरशाचा फायदा असा की त्याच उजळपणाची प्रतिमा तो मोठी करून दाखवतो, आणि मंद पण मोठी वस्तू डोळ्याला लवकर जाणवते. हा फायदा खरा आहे, पण मेघ आणि त्यामागचे आकाश यांच्या उजळपणातला फरक त्याने तसूभरही वाढत नाही. तो फरक दोनच गोष्टी वाढवतात, काळोख आणि फिल्टर.

म्हणून निरीक्षकाने सुरुवात ७×५० किंवा १०×५० च्या बायनॉक्युलरने करावी. ५० ला ७ ने भागले की सुमारे ७ मिलिमीटर येतात, आणि तरुण डोळ्याची बाहुली अंधारात साधारण तेवढीच उघडते. वय वाढले की ती ५ मिलिमीटरवर येते, तेव्हा १०×५० अधिक योग्य. मृगाच्या पोटातल्या बाणाचे तीन तारे शोधून त्यांच्या दक्षिणेला पाहा, एम ४२, म्हणजे मृगातला तेजोमेघ, लगेच सापडेल. तो नुसत्या डोळ्यांनीही धुरकट दिसतो. धनू राशीतला एम ८ तितकाच सोपा आहे. पुढची पायरी म्हणजे ४ ते ६ इंची साधी परावर्तक दुर्बीण, कमी वर्धनाचा आयपीस आणि एक फिल्टर. एकच घ्यायचा असेल तर ओ-थ्री आणि हायड्रोजन-बीटा दोन्ही आत येऊ देणारा, ‘यूएचसी’ नावाने मिळणारा घ्यावा. फक्त ओ-थ्रीचा फिल्टर हंसातल्या व्हेल तेजोमेघासारख्या वस्तूंवर किमया करतो (तो स्फोट झालेल्या ताऱ्याचा अवशेष आहे, पण प्रकाशाची रीत हीच), मात्र त्याचा वापर मर्यादित आहे. हायड्रोजन-बीटाचा फिल्टर अश्वमुख आणि कॅलिफोर्निया तेजोमेघ अशा थोड्याच वस्तूंसाठी लागतो, तो घाईने घेऊ नये. कृत्तिकांभोवतीचा मेघ, देवयानीची दीर्घिका किंवा तारकागुच्छ यांना यातला कोणताही फिल्टर मदत करत नाही. त्यांचा प्रकाश ताऱ्यांचाच असतो, सगळ्या रंगांत पसरलेला, त्यामुळे फिल्टर आकाशाबरोबर त्यांनाही मंद करतो. धनूतला एम २० या बाबतीत उत्तम शिक्षक आहे. त्याचा एक भाग उत्सर्जनाचा आणि दुसरा परावर्तनाचा, म्हणून फिल्टर लावून आणि काढून पाहिले की दोन्हींतला फरक स्वतःच्या डोळ्यांनी तपासता येतो.

काळोखाचा हिशेब दिशेनुसार करावा लागतो. परभणी शहर जिंतूरच्या जवळजवळ सरळ दक्षिणेला आहे आणि त्याच्या दिव्यांची आभा दक्षिण क्षितिजावर राहते. हंस, शर्मिष्ठा, ययाती ही उत्तरेकडची मंडळी टिपायची असतील तर येलदरीच्या रस्त्याने उत्तरेला जावे, म्हणजे जिंतूरचे दिवे आणि परभणीची आभा दोन्ही पाठीशी राहतात. दक्षिणेकडचे मेघ हवे असतील तर पश्चिमेला चारठाण्याच्या बाजूला सरकावे, तिथून परभणी आग्नेयेला जाते आणि दक्षिण मोकळी होते. येलदरीच्या जलाशयाच्या अगदी काठावर मात्र डिसेंबर-जानेवारीत जाऊ नये. पाण्यावरच्या दमट हवेने भिंगावर दव धरते आणि निम्मी रात्र पुसण्यात जाते. जागा कोणाच्या शेतात असेल तर मालकाला आधी विचारावे, पोलीस पाटलाला कल्पना द्यावी. रात्री पाणी द्यायला आलेल्या शेतकऱ्याला अंधारात उभी तिपाई आणि अनोळखी माणसे दिसली तर त्याला शंका येणे साहजिक आहे. पायात बूट हवेतच, विंचू-साप रात्रीच फिरतात. टॉर्चवर लाल जिलेटीन कागद दुहेरी गुंडाळावा आणि मोबाइल खिशातच ठेवावा. डोळ्याला अंधाराची पूर्ण सवय व्हायला किमान २० ते ३० मिनिटे लागतात, आणि एका मेसेजचा उजेड ती क्षणात घालवतो.

तिथीचा प्रश्न अनेक घरांत वेगळ्याच कारणाने अडतो. अमावास्येच्या रात्री मुलांना शिवारात पाठवायला घरची माणसे तयार नसतात. त्यावर वाद घालण्याची गरज नाही, कारण आकाशाला नेमकी अमावास्याच हवी असते असे नाही. संध्याकाळचे निरीक्षण वद्य सप्तमीपासून निर्धास्त करता येते, तेव्हा चंद्र रात्री उशिरा उगवतो. शुद्ध तृतीयेपर्यंतही संध्याकाळचा चंद्र लवकर मावळतो. पहाटेचे मेघ टिपायचे असतील तर शुद्ध पक्षातल्या नवमीपर्यंत पहाटे काळोखच असतो. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी छापलेली असतेच, तिच्यावर महिन्यातल्या सोयीच्या रात्री खुणा करून ठेवाव्यात.

ऋतूंबाबत इंग्रजी पुस्तकांवर विसंबून राहू नये, ती बहुधा ४० ते ५० अक्षांशांवर राहणाऱ्यांसाठी लिहिलेली असतात. जिंतूर १९.६ उत्तर अक्षांशावर आहे. एम ८ लंडनहून जेमतेम १४ अंश वर चढतो, इथे तो ४६ अंशांवर येतो. नौकातलातला प्रचंड तेजोमेघ लंडनला कधीच दिसत नाही. इथे तो एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेला सुमारे १० अंशांवर असतो, त्रिशंकूच्या उजवीकडे. तेवढ्या खाली हवेचा थर डोक्यावरच्या थरापेक्षा पाचपटीहून जाड असतो, तरीही बायनॉक्युलरने तो पाहण्याची संधी सोडू नये. आपली खरी अडचण वेगळी आहे. धनू-वृश्चिकेचा समृद्ध भाग जूनमध्ये मध्यरात्री दक्षिणेला सर्वांत उंच येतो तेव्हा मृगाच्या पावसाचे ढग दाटलेले असतात. त्यावर उपाय म्हणजे मार्च ते मे या महिन्यांत पहाटे उठणे. एप्रिलच्या मध्यात एम ८ उजाडण्याच्या आधी दक्षिणेला सर्वांत उंच असतो, मेच्या मध्यात तो पहाटे तीनच्या सुमारास तिथे पोहोचतो. उन्हाळ्यात धूळ आणि शेतात जाळलेल्या पऱ्हाट्यांचा धूर आकाश पांढुरके करतो, हे खरे. पण अवकाळी पाऊस पडून गेला की पुढच्या एक-दोन रात्री हवा धुतल्यासारखी स्वच्छ होते. पिकांचे नुकसान करणाऱ्या त्या पावसाचे कौतुक करवत नाही, तरी ती रात्र हातची जाऊ देऊ नये. वर्षातला सर्वोत्तम काळ मात्र ऑक्टोबरचा आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीचा. पावसाने धूळ बसलेली असते, आणि संध्याकाळी साडेसातलाच हंसाच्या शेपटीजवळचा तारा उत्तरेला उंच असतो. त्याच्या पूर्वेला ३ अंशांवर एनजीसी ७०००, म्हणजे उत्तर अमेरिका तेजोमेघ. त्याची रुंदी पौर्णिमेच्या चार चंद्रांएवढी असल्याने तो दुर्बिणीत मावत नाही, आणि बायनॉक्युलरच्या आयपीसपुढे फिल्टर धरून पाहणाऱ्याला अधिक चांगला दिसतो. डिसेंबर ते फेब्रुवारी मृगाचे, आणि काक्षी ताऱ्याच्या पूर्वेला शृंगाश्वात असलेल्या रोझेट तेजोमेघाचे.

छायाचित्रणात क्रम थोडा बदलतो, पण दुर्बीण शेवटीच राहते. पसरट मेघाचा प्रकाश सेन्सरवर किती दाट पडेल हे भिंगाच्या व्यासापेक्षा त्याच्या एफ-आकड्यावर ठरते. एफ/२ चे साधे ५० मिलिमीटरचे भिंग या बाबतीत एफ/८ च्या मोठ्या दुर्बिणीवर मात करते. स्थिर तिपाईवर डीएसएलआर ठेवून असे भिंग एफ/२ किंवा २.८ ला, आयएसओ १६०० ला आणि ४ सेकंदांच्या उघडझापीला लावावे. त्याहून जास्त वेळ दिला की पृथ्वीच्या फिरण्याने तारे रेघा ओढू लागतात. अशी ३०० छायाचित्रे म्हणजे २० मिनिटांचा प्रकाश. डीपस्कायस्टॅकर किंवा सिरिल या मोफत संगणक-प्रणाली ती एकावर एक जुळवून देतात. संकेत छायाचित्रांच्या संख्येच्या प्रमाणात वाढतो आणि गोंगाट तिच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणून चौपट वेळ दिला की चित्र दुप्पट स्वच्छ होते. हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी मृगाच्या तेजोमेघाचे जगातले पहिले छायाचित्र घेतले, तेव्हा त्यांना ११ इंची दुर्बीण आणि ५१ मिनिटे लागली होती. आज तिपाईवरच्या साध्या भिंगाने तोच मेघ गुलाबी रंगासह टिपता येतो.

बाजारातल्या कॅमेऱ्याची खोट अशी की त्याच्या सेन्सरसमोरचा फिल्टर हायड्रोजन-अल्फाचा साधारण पावच हिस्सा आत सोडतो. एम ४२, एम ८ अशा तेजस्वी मेघांना तेवढा पुरतो. रोझेट किंवा मृगाला वेढणारी बार्नार्डची कमान यांच्यासाठी तो आतला फिल्टर काढून घ्यावा लागतो. हे काम जाणत्या दुरुस्तीकाराकडूनच करावे आणि जुन्या कॅमेऱ्यावर करावे, कारण त्यानंतर रोजच्या छायाचित्रांचे रंग बिघडतात. याआधी मात्र आकाशाच्या गतीने फिरणारा ट्रॅकर घेणे अधिक शहाणपणाचे, कारण त्याने ४ सेकंदांची उघडझाप दोन-तीन मिनिटांवर जाते. ट्रॅकरचा अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो आणि जिंतूरला ध्रुवतारा अवघ्या साडेएकोणीस अंशांवर, हात लांब करून एकावर एक ठेवलेल्या दोन मुठींएवढ्या उंचीवर असतो. तेव्हा उत्तरेला झाडी, डोंगरकडा किंवा शेडचा दिवा नसलेली जागा निवडावी. जड विषुववृत्तीय बैठक घेणाऱ्याने विकत घेण्यापूर्वी ती २० अंशांखाली झुकते का, आणि तशी झुकवल्यावर वजनाचा दांडा तिपाईच्या पायाला आपटतो का, हे पाहून घ्यावे. युरोपसाठी बनवलेल्या बैठकींना इथे ही अडचण येते.

जाणकार इथे विचारतील की अरुंद पट्ट्याचे फिल्टर लावून लोक पुण्या-मुंबईच्या गच्चीवरूनही सुंदर छायाचित्रे काढतात, मग काळोखाचा एवढा आग्रह कशाला? कॅमेऱ्यापुरते हे बरोबर आहे. सोडियमच्या पिवळ्या दिव्यांचा काळ गेला, पांढरे एलईडी सगळ्या रंगांत प्रकाश ओततात आणि जुने प्रकाश-प्रदूषण फिल्टर त्यापुढे थिटे पडतात. पण हायड्रोजन-अल्फा आणि ओ-थ्री एवढ्याच खिडक्या उघड्या ठेवणारा दुपट्टी फिल्टर एलईडीलाही बऱ्यापैकी रोखतो. चांदण्या रात्रीही हायड्रोजन-अल्फा टिपता येतो, ओ-थ्री मात्र चांदण्याने लवकर बिघडतो. डोळ्याला ही पळवाट नाही, आणि कॅमेऱ्यालाही शहरात तेवढेच चित्र मिळवायला अनेक पट वेळ द्यावा लागतो. शहरातला माणूस तास मोजून जे मिळवतो, ते जिंतूरकराला थोड्याशा पेट्रोलमध्ये मिळते. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. तिथे जरूर जावे, पण दर महिन्याला काम घडेल ते घरापासून अर्ध्या तासाच्या शिवारातच.

दुसरा आक्षेप रंगांचा. ही चित्रे खोटी आहेत, कारण डोळ्याला असे काही दिसत नाही, असे काही जण म्हणतात. हायड्रोजन-अल्फाचा लाल खरा लाल आहे, तो आपल्या डोळ्याला अंधारात दिसत नाही एवढेच. हबल दुर्बिणीने १९९५ मध्ये टिपलेल्या एम १६ च्या प्रसिद्ध स्तंभांत मात्र गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग देण्यात आला होता. ती मांडणी वायू वेगळे ओळखता यावेत म्हणून असते. दोन्ही पद्धती प्रामाणिक आहेत, अट एकच: चित्राखाली फिल्टर, एकूण वेळ आणि रंगांची मांडणी लिहावी. गावातल्या शाळेत चित्र दाखवताना तर हे सांगितलेच पाहिजे, नाहीतर मुले दुर्बिणीला डोळा लावून निराश होतात आणि पुन्हा फिरकत नाहीत.

तिसरा आक्षेप असा की सीस्टारसारखी ‘स्मार्ट’ दुर्बीण सगळे आपोआप करते, मग हे शिकायचे कशाला? हे उपकरण वर मांडलेल्या क्रमालाच पुष्टी देते. २०२३ मध्ये आलेल्या सीस्टार एस ५० चे भिंग अवघे ५० मिलिमीटरचे आहे आणि तिचा जोर आतल्या दुपट्टी फिल्टरवर व १० सेकंदांच्या असंख्य छायाचित्रांवर आहे. पण तिची चौकट सव्वा अंशाच्या आसपास लांब आणि पाऊण अंशाहून कमी रुंद आहे. कोणता मेघ तीत मावेल आणि तो कोणत्या महिन्यात किती उंच असेल हे माणसालाच ठरवावे लागते.

लहान भिंग, योग्य फिल्टर आणि भरपूर वेळ यांचे बळ पाहायचे असेल तर देवयानीच्या दीर्घिकेजवळची ओ-थ्रीची कमान पाहावी. ही दीर्घिका आकाशात सर्वाधिक छायाचित्रे निघालेल्या वस्तूंपैकी एक. तिच्या शेजारी चमकणारी मोठी कमान सगळ्या मोठ्या वेधशाळांच्या नजरेतून सुटली, आणि यान सेंटी, झेवियर स्ट्रॉटनर, मार्सेल ड्रेक्सलर या हौशी मंडळींनी १०६ मिलिमीटरच्या दुर्बिणीने, ओ-थ्री फिल्टर लावून आणि एकूण शंभराहून अधिक तासांच्या छायाचित्रणातून ती शोधली. शोध जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झाला. एवढे तास एका माणसाला जमवणे कठीण, पण दोन-तीन मित्रांनी एकच मेघ, एकच भिंग आणि एकच फिल्टर ठरवून एका ऋतूत वेगवेगळ्या रात्री टिपला तर ती छायाचित्रे एकत्र जुळवता येतात. त्यासाठी वही हवी: तारीख, तिथी, जागा, आकाशाची स्वच्छता, फिल्टर, उघडझापीचा वेळ आणि छायाचित्रांची संख्या. पहिला मेघ म्हणून ऑक्टोबरात एनजीसी ७००० घ्यावा. तो मोठा आहे, संध्याकाळीच उंच असतो, ५० ते १३५ मिलिमीटरच्या कोणत्याही भिंगात बसतो आणि त्याच्यासाठी येलदरीचा रस्ता पुरतो.